हायजिनचा प्रश्न

६ जानेवारी, मंगळवार
बकुळामावशींना हॉस्पिटलातून घरी आणलं. बाथरूममध्ये घसरल्या, खुब्यात सळई टाकलीय. वॉकर धरून संडासापर्यंत जातात, ओट्यापाशी उभं राहता येत नाही. मुलगा नितीन बेंगळुरूहून आला होता, रजा संपली, उद्या निघणार. अंघोळीला आणि केरफरशीला एक बाई लावलीय. स्वयंपाक ती करणार नाही म्हणाली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बायकांची मीटिंग. सेक्रेटरींच्या वंदनाभाभींनी वार वाटून दिले. दुपारचं जेवण ज्याचा वार त्याने द्यायचं, रात्री मावशी दूध-बिस्किटावर भागवतात. मला गुरुवार. माझी सकाळची शाळा, दुपारी घरी. जमेल.

वर येते तोवर ग्रुपवर भाभींचा व्हॉइस मेसेज. डबा स्टीलचा द्या, केस बांधून रांधा, पेशंट आहे, हायजिनचं ध्यान ठेवा. वाक्यागणिक हायजिन. नवऱ्याला ऐकवला. मिलिंद म्हणाला, "ही बाई मंदिरात गेली तरी देवाला हायजिन विचारेल."

चिडण्यासारखं काही नाही. पण हा शब्द हल्ली अंगावर येतो. जिन्याच्या कोपऱ्यात मावा थुंकतात, त्याला कोणी काही बोलत नाही. भांडीवाली लिफ्टने वर आली की ग्रुपवर लगेच हायजिन.

८ जानेवारी, गुरुवार
पहिला डबा. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, पातळ वरण, थोडा भात. मावशी पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. गरम गरम पोचलं.

मला वाटलं होतं, म्हातारी रडेल, आभार मानेल. कुठलं काय. झाकण काढून आधी हुंगलं. मग, "कालदिनना वरणमा साखर व्हती. वरणमा साखर टाकतस का कोनी?" कालचा वार तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेनचा होता. चाळीस वर्षं सुरतेत काढली, तरी गोड वरण यांच्या घशाखाली उतरत नाही.

मी अहिराणीत उत्तर दिल्यावर चमकल्या. मॅडम म्हणजे पुण्याकडची असणार, असा त्यांचा समज. मग काय, सुटल्याच. पारोळ्याकडचं गाव, मळा, नवऱ्याचा लूमखात्यातला मुकादमकीचा रुबाब. ताट बोटाने पुसून घेतलं. "तुना हातले चव शे. मनी माय असंच करे."

पुढच्या वेळी ठेचा आण म्हणाल्या. डॉक्टरने तिखट बंद केलंय. म्हणे डॉक्टरला कोण सांगणार आहे.

वर आले तेव्हा बरं वाटत होतं. माझी आई गेल्यापासून घराबाहेर कोणी माझ्याशी अहिराणीत बोललं नव्हतं. पोरीला, प्रेरणाला, बोलायला लावते तर गुजरातीत उत्तर देते.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळी बिल्डिंग गच्चीवर. भोंगे, मांजा, ऊन. बमरोलीच्या बाजूने मिलचा रंगाचा वास आणि त्यात उंधियूचा.

भाभी जलेबी वाटत होत्या, हातात प्लास्टिकचा ग्लोव्ह. त्याच हाताने मोबाइल घेतला, नातवाचं नाक पुसलं, केसातली क्लिप काढून लावली, परत जलेबी. मी बघतेय हे पाहून म्हणाल्या, "ग्लोव्ह आहे ना मॅडम, एकदम हायजिनिक." मी जलेबी घेतली आणि टाकीमागे कावळ्याला दिली. कावळ्याने खाल्ली.

मग गप्पांत सहज, "निकम म्हणजे तुम्ही आपल्यातलेच ना? तुमचं गाव?" गाव सांगितलं. "हां, मग आपलेच." प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच. निकम सगळ्यांत असतात. मी खोटं बोलले नाही. बोललेच नाही. मिलिंद शेजारी फिरकी धरून उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ढील दिली.

उद्या गुरुवार. शाळेला सुट्टी आहे, मावशींना ठेचा नेते थोडा.

२३ जानेवारी
सहावीला हेल्थ अँड हायजिनचा धडा. शब्दार्थ सांगितला: आरोग्य राखण्यासाठी पाळायची स्वच्छता. वाक्यात उपयोग करा म्हटलं. बहुतेकांनी हात धुण्याचं, दात घासण्याचं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एकीने लिहिलं: माय मदर वर्क्स इन हायजिन. आई महानगरपालिकेकडे ठेक्यावर झाडायला जाते, पहाटे.

चूक म्हणून खूण करायला पेन टेकवलं. व्याकरण बरोबर, अर्थ चूक. की अर्थ बरोबर? काही न करता वही परत दिली.

टीचररूममध्ये सांगितलं तर सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना रिक्षात त्याची शरम वाटली.

२ फेब्रुवारी, सोमवार
भुसावळहून परत. पुतण्याचं लग्न छान झालं. विहारात, साधं, वेळेवर. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, त्रिसरण झालं, तासाभरात जेवायला. सासूबाई खूश. माझे पाय सुजले.

प्रेरणाने सगळे फोटो स्टेटसला टाकलेत. बुद्धमूर्तीसमोर नवरा-नवरी, निळ्या पताका, आम्ही तिघं पुढच्या रांगेत. ट्रेनमध्ये दाखवत होती, कोणी कोणी पाहिलं. हेतलबेन. शाळेतल्या मैत्रिणी. वंदनाभाभी.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मेथीची भाजी, भाकरी, कढी दिली. मावशींनी झाकण उघडलं नाही. "ठेव तठे. मंग खासू." टीव्ही बघत राहिल्या. मी पाच मिनिटं बसले. दुखतंय का विचारलं तर, "पोटले सोसत नही." ठेचा मीच देत होते, वाटलं माझंच चुकलं. उद्या मऊ खिचडी नेऊ का म्हटलं. "नको नको." फार पटकन नको म्हणाल्या.

७ फेब्रुवारी
ग्रुपवर नवे वार. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरची मंडळी. माझं नाव नाही. खाली भाभींचा मेसेज: "हायजिनच्या दृष्टीने थोडा चेंज केला आहे. सर्वांनी सहकार्य करावे." खाली अंगठे, हात जोडलेले, फुलं. मीही बोटाने अंगठा दाबायला गेले होते, सवयीने.

प्रेरणाने वाचलं. एकदम कळलं तिला. "मम्मी, स्टेटस काढू का?"
"कशाला?"
"माझ्यामुळे झालं."
"तुझ्यामुळे काही झालं नाही. राहू दे."
चोवीस तासांत ते आपोआप गेलंच होतं म्हणे. पोरगी दार लावून आत बसली. हे मला सहन होत नाही. माझं काय ते होवो, पण चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या घरचा लग्नाचा फोटो लपवावासा वाटला.

९ फेब्रुवारी
भाभींना जिन्यात गाठलं. जसं झालं तसं लिहिते.

"भाभी, माझा गुरुवार काढला?"
"अरे मॅडम, तुमची शाळा, पेपर तपासायचे, केवढी दगदग. म्हटलं तुम्हाला आराम."
"हेतलबेनचं बुटीक आहे. त्यांचा वार आहे की."
"त्यांचं वेगळं."
"वेगळं काय?"
"तुम्ही मनावर घेऊ नका हो. मावशींचं एवढं मोठं ऑपरेशन. हायजिनचा प्रश्न आहे."
"माझ्या डब्यात काय निघालं? केस? माशी?"
"तसं नाही. तुमच्यात… म्हणजे तुमच्या घरात नॉनव्हेज…"

तुमच्यात. शब्द बाहेर आला होता, तो गिळून ‘तुमच्या घरात’ केलं. दर रविवारी यांच्या घरच्या काळ्या मसाल्याच्या कोंबडीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. तेवढं बोलले. म्हणाल्या, "आमची भांडी वेगळी असतात." आणि साडीचा घोळ आवरून, भिंतीला घासून, माझ्या बाजूने वर गेल्या. एवढा रुंद जिना.

मला किळस आली. वाईट वाटणं वेगळं आणि हे वेगळं. नाल्यात हात घातल्यासारखं.

१० फेब्रुवारी
मिलिंदला रात्रपाळी होती, सकाळी सांगितलं. रेल्वेच्या यार्डातून आलेला, डोळे लाल, चहात टोस्ट बुडवत ऐकत होता.
"मग? भांडणार? माझं जेवण खा म्हणून?"
"प्रश्न जेवणाचा नाही."
"जेवणाचाच आहे. आपण वाढायला जायचं, त्यांनी नाक मुरडायचं, मग परत वाढू द्या म्हणून अर्ज करायचा? सोड. सुटलीस. गुरुवारी आराम कर."
मी म्हटलं, "आराम कर हेच ती पण म्हणाली."
कप आपटून झोपायला गेला. त्याला लागेल हे माहीत होतं तरी बोलले. त्याच्या वडिलांनी रेल्वेच्या कँटीनबाहेर उभं राहून चहा प्यायला, ते तो कधी सांगत नाही. सासूबाई सांगतात.

दुपारी हेतलबेन भेटल्या. हळूच, "मने तो कंई वांधो नथी, हं." त्यांना हरकत नाही. ग्रुपवर मात्र तोंडात जीभ नव्हती. जिन्यात हरकत नसून मला काय उपयोग?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रिकाम्या हाताने मावशींकडे गेले. एकच जाणून घ्यायचं होतं, हे त्यांच्याकडून आलं की भाभींकडून.

दार लोटलेलं. दुसऱ्या मजल्यावरचा डबा स्टुलावर. मावशी कॉटवर.
"कोठे व्हती इतला दिन?"
"माझा वार काढला, मावशी. माहीत नाही तुम्हाला?"
"माले काय माहीत व माय. वंदना देखस सगळं."
"तुम्हाला काही बोलली का ती माझ्याबद्दल?"
टीव्हीचा आवाज वाढवला त्यांनी. म्हणजे बोलली.

उठले, गॅलरीत ऊन बघायला म्हणून. कोपऱ्यात फरशी पुसायच्या फडक्याशेजारी माझी कढीची वाटी. गेल्या गुरुवारची. कबुतरांना पाणी ठेवलेलं तिच्यात, वर पिसं तरंगत होती, काठावर पांढरी घाण. वाटीच्या बुडाला मिलिंदचं नाव कोरलेलं आहे, सासूबाईंनी लग्नात दिलेली भांडी.

आत येऊन विचारलं, ही वाटी तिथे कशी?
"वंदनानी ठेवं तठे."
"आणि तुम्ही ठेवू दिली."
पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.
"महिनाभर जेवलात मावशी माझ्या हातचं. बोटं चाटलीत. तेव्हा पोटाला सोसलं?"

माझ्याकडे बघितलं त्यांनी. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. म्हणाल्या, "तू आधी सांगाले पाहिजे व्हतं ना."

मी आधी सांगायला हवं होतं. म्हणजे मी फसवलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, तक्रार होती. दुकानदाराने शिळं दिल्यावर असते तशी.

वाटी उचलली, पाणी त्यांच्या कुंडीत ओतलं, आणि आले.

१५ फेब्रुवारी
दोन दिवस ती वाटी घासतेय. आधी साबण, मग राख, मग उकळत्या पाण्यात टाकली. आज घासताना हात थांबला. हे काय चाललंय माझं? कबुतराची घाण एका घासणीत जाते. मी कोणाचं काय काढत होते? त्यांची किळस माझ्या हातात आली होती, मी तीच चोळत बसले होते.

शिसारी आली स्वतःची. वाटी पुसून फळीवर ठेवली. मिलिंदने त्याच वाटीत दही खाल्लं. मी बघत राहिले आणि तो म्हणाला, "काय?" म्हटलं काही नाही.

जेवण जात नाही. भाताचा वास येतो.

१८ फेब्रुवारी
नितीनचा फोन. "ताई, मम्मी म्हणते तुम्ही येत नाही आता. रागावलात का?"
त्यांना मी हवी आहे. डबा नको, मी हवी. अहिराणीत बोलायला.
"नितीन, माझा डबा का बंद झाला, माहितीय तुम्हाला?"
"हां, वंदनाभाभी बोलल्या होत्या. सर्जरी झालीय ना, इन्फेक्शनची रिस्क असते. फक्त हायजिन, ताई. दुसरं काही मनात आणू नका. मी तर त्यातलं काही मानतच नाही."
"त्यातलं म्हणजे कशातलं?"
पलीकडे कीबोर्डचा आवाज.
"कशातलं मानत नाही तुम्ही, नितीन?"
"ताई, माझी मीटिंग आहे. नंतर करतो."

चांगला मुलगा आहे. मागे प्रेरणाला कॉम्प्युटरचं काही अडलं तेव्हा तासभर फोनवर समजावलं होतं. म्हणूनच जास्त घाण वाटली. भाभीला निदान जिन्यात अंग चोरावं लागतं. याला ते कष्टही नाहीत, एक स्वच्छ शब्द मिळालाय, तो पुढे करायचा आणि मीटिंगला जायचं.

खरं तर आपल्याकडे याला नाव होतं. विटाळ. आजीच्या तोंडी होता तो शब्द, तो ऐकून माणसाला निदान कळायचं की आपल्याला मारलंय. हा नवा शब्द ऐकल्यावर उलट आपणच हात बघतो, नखं बघतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
काळ्या मसाल्याचा वास. जिन्यातून, खिडकीतून, सगळीकडून. मिलिंद मुद्दाम मोठ्याने, "वा! काय हायजिन सुटलंय!" प्रेरणा खूप दिवसांनी हसली. मीही. मग तिघं तापीकाठी फिरून आलो, लोचो खाल्ला.

घर बदलायचं का, असं मिलिंदने परतताना विचारलं. इथे डिंडोलीतच, पण आपल्या माणसांत. मी नाही म्हटलं. मग रात्रभर वाटत राहिलं, नाही का म्हटलं? हप्ते चालू आहेत म्हणून, की कोणाला तरी वाटेल घाबरून गेले म्हणून? आपल्या माणसांत म्हणजे कुठे? मी इथेच आपल्या माणसांत होते, कढी नेऊन देत होते.

२८ फेब्रुवारी
वारांची व्यवस्था मोडली. अपेक्षितच. एकीकडे बारावीची परीक्षा, एकीकडे पाहुणे, दुसऱ्या मजल्यावरचे गावी. हेतलबेन लिफ्टमध्ये, "हवे तो हुं थाकी गई." थकल्या म्हणे. मावशींना आता हॉटेलची थाळी येते, ऑनलाइन, नितीन तिकडून पैसे भरतो. पोरगा येतो, दारात पिशवी टेकवतो, फोटो काढतो, जातो.

ती थाळी कोण रांधतं? कोणत्या गावचा, कोणत्या घरचा आचारी? कोणी विचारलं नाही. पिशवीला लाल टेप लावलेली असते. टेप असली की झालं.

जाताना मावशींचं दार उघडं दिसलं. बघितलं नाही आत. खोकल्याचा आवाज आला, तरी नाही बघितलं. माझी पावलं मोठ्याने वाजवत गेले, म्हणजे कळावं की मीच जातेय आणि थांबत नाहीये. इतकी क्षुद्र झालेय मी.

४ मार्च, बुधवार
धुळेटी. खाली रंगाचं पाणी, स्पीकर. बिल्डिंग अर्धी रिकामी. भाभी होळीसाठी गावी, आज परतणार होत्या. हेतलबेन माहेरी नवसारीला. आम्ही घरातच. वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी, प्रेरणाच्या फर्माइशीवरून.

जेवायला बसणार तेवढ्यात फोन. बकुळामावशी.
"सुनीता, काय करं व आज?"
जणू मधे काही झालंच नाही.
"वरण-बट्टी."
मागे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.
"माले भूक लागनी व."

हॉटेल आज बंद. कामाची बाई रंग खेळायला. सकाळपासून चहा आणि दोन बिस्किटं. नितीनला फोन केला तर तो बघतो म्हणाला, तो बघतच होता.

फोन ठेवला. मिलिंदने काही विचारलं नाही, ऐकू आलंच होतं. प्रेरणा म्हणाली, "तू देणार?" असं म्हणाली की मला तिच्याकडे बघवलं नाही.
"म्हातारं माणूस आहे. उपाशी आहे."
"वाटीत कबुतराचं पाणी ठेवलं होतं त्यांनी. आता भूक लागली तर आपण हायजिनिक झालो?"

चौदा वर्षांची. हे वाक्य तिला मी शिकवलेलं नाही.

मिलिंद म्हणाला, "तुझं तू ठरव. पण डबा झाकून चोरासारखी जाऊ नको."

डबा घेतलाच नाही. आमच्या घरचं ताट घेतलं, त्यात वाढलं. बट्ट्या तुपात चुरून, वर वरण, बाजूला भाजी. उघडं ताट हातात धरून तीन मजले उतरत गेले. कोणी भेटावं असं वाटत होतं. कोणी भेटलं नाही.

मावशी कॉटवर बसलेल्या, पदर खांद्यावरून घसरलेला, केस विंचरलेले नाहीत. महिन्याभरात किती आक्रसल्या. ताट स्टुलावर ठेवलं. वास गेला त्यांच्यापर्यंत, नाक हललं.

"मना ताटमा वाढ ना."
"यातच खा."
ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे.
"दार लोटी ले."
"नाही लोटणार."
"कोनी देखी."
"बघू दे. दार उघडं ठेवून जेवायचं असेल तर जेवा, मावशी. नाहीतर ताट घेऊन जाते."

हे बोलताना माझा आवाज भाभींसारखा निघाला. उपाशी म्हातारीला अट घालत होते मी. कळत होतं, तरी मागे घेतली नाही.

बसून राहिल्या. हात मांडीवर. डोळ्यांतून पाणी आलं की काय माहीत नाही, डोळे त्यांचे तसेही गळतात. मी समोर खुर्चीवर. बट्टीवरचं तूप थिजायला लागलं. खाली पोरं ओरडत होती.

मग जिन्यात बॅगांचा आवाज. भाभी. सेक्रेटरी पुढे, त्या मागे, हातात गावाकडच्या वडा-पापडांची पिशवी. लिफ्ट आज बंद ठेवलीय, रंगाने खराब होते म्हणून. मावशींनी झटकन पदर ओढून ताटावर घातला. लहान पोर वही झाकतं तसा. पिवळं वरण पदराला लागलं.

भाभी दारात थांबल्या. मला बघितलं, स्टुलाकडे बघितलं.
"मावशी, जेवलात का? हॉटेल तर बंद असेल ना आज. कुठून मागवलं?"

मावशींचा हात पदरावर. माझ्याकडेही बघितलं नाही, भाभींकडेही नाही. मी तोंड उघडणार होते. उघडलं नाही, कारण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढ्या एका क्षणासाठी मी महिनाभर थांबले होते, हे तेव्हा कळलं.

"घरनं शे," म्हणाल्या.

घरचं आहे. भाभी उभ्या राहिल्या आणखी थोड्या. मग "बरं बरं, आराम करा" म्हणून वर गेल्या. बॅगेची चाकं पायरी पायरीवर आपटत.

मावशींनी पदर काढला. खाल्लं. भराभर, हाताला लागेल तसं, मान खाली. भाजी संपल्यावर ताट पुढे केलं, अजून आहे का म्हणून नाही, घेऊन जा म्हणून. धुऊन देऊ शकत नाही म्हणाल्या.

आनंद झाला नाही. ते लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढे कधी वाचून मला वाटेल जिंकले होते. वर येऊन ताट सिंकमध्ये ठेवलं. घरातल्या बाकीच्या ताटांबरोबर घासलं, वेगळं नाही.

५ मार्च, गुरुवार
ग्रुपवर भाभींचा गावच्या होळीचा व्हिडिओ. बाकी काही नाही. कालबद्दल अवाक्षर नाही. दूध घ्यायला गेले तेव्हा भेटल्या, "हॅपी होली मॅडम" म्हणाल्या. अंग चोरलं की नाही ते बघायचं नव्हतं, तरी बघितलं. जिन्यात त्या वेळी दुधाचे क्रेट होते, जागा तशीही कमी होती. सांगता येत नाही.

काल रात्री मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घरचं म्हणाली. कुणाच्या घरचं, ते म्हणाली का?"
नाही म्हणाली.
"भाभीला वाटलं असेल, तिनेच कसंतरी केलं."
वॉकर धरून बट्ट्या? पण वाटू शकतं. माणसाला जे वाटून घ्यायचं ते वाटतं.

मला वाटतं, आमच्या घरचं असं म्हणायचं होतं त्यांना. मग वाटतं, लपवलं. नाव घ्यायचं नव्हतं, ताटही सोडायचं नव्हतं, म्हणून मधला शब्द काढला. विचारायला जाऊ? विचारलं तर म्हणतील, माले काय माहीत व माय.

प्रेरणा शाळेला निघाली. बुटाची लेस बांधताना एवढंच, "आज पण?"

शाळेतून आले तर मावशींचे मिस्ड कॉल. आजपासून हॉटेल सुरू आहे, मी बघितलं, पिशवी दारात आलेली होती. म्हणजे भुकेचा फोन नाही.

फोन अजून केलेला नाही. तांदूळ धुऊन ठेवलेत. डाळ तिघांची घालायची की चौघांची ते ठरत नाही, म्हणून लिहायला बसले.